उखर्डूच्या आईची जागा

जळगावच्या बळीराम पेठेत वच्छलाबाईंची एक ख्याती होती. ही बाई एकदा बसली की उठायची नाही. लग्नाची पंगत असो, दवाखान्याचा बाक असो, नाहीतर कीर्तनाची सतरंजी असो, त्यांनी जिथं बूड टेकलं ती जागा त्यांची. शेजारणी पाठीमागे हसत, आणि गावाला जायचं झालं की त्यांनाच पुढे घालत.

त्यांच्या या हट्टाला कारणही तसंच होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बोदवडहून येताना त्या आगगाडीत चढल्या तेव्हा एक पोर कडेवर, दुसरं बोटाला. बाकावर एका गृहस्थानं धोतराचं पान पसरून ठेवलेलं. "माणूस येतंय," एवढंच तो म्हणाला. वच्छलाबाई तशाच उभ्या राहिल्या. जळगाव आलं, हातांना मुंग्या आल्या, पण ते माणूस काही आलं नाही. त्या दिवसापासून लेकुरवाळीला जागा न देणारा माणूस त्यांच्या लेखी माणसातच जमा नव्हता. आता त्यांची पोरं मोठी झाली होती, पण राग तसाच ताजा होता.

चैत्रातली दुपार होती. वच्छलाबाई धुळ्याला बहिणीकडे निघाल्या होत्या, पापडांचा डबा घेऊन. सरकारी मोटारी सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी गर्दी खासगी सर्व्हिस मोटारींच्या वेळची ती तशीच. लोक दारातून चढत आणि त्याआधी खिडकीतून जागा धरत. कोणी टोपी टाके, कोणी पिशवी, कोणी एका पायाची चप्पल. वच्छलाबाई लवकर येऊन दोघांच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या आणि शेजारच्या जागेवर कोण येतंय ते बघत होत्या.

तेवढ्यात खिडकीच्या दांड्यातून एक पोरच आत आलं.

"अक्का, ओ अक्का! मना आंडोरले धर. जागा धरी ठेव व माय, मी दरवाजाथीन येस!"

खाली हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई होती. कपाळावर गोंदण, डोक्यावर गाठोडं. दवाखान्यातून परत निघाली असावी, गाठोड्यातून औषधाच्या बाटलीचं बूच डोकावत होतं. वच्छलाबाईंनी पोराला काखेत धरून आत ओढलं आणि शेजारच्या जागेवर बसवलं.

"जा, ये तू सावकाश," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागेला कोणी हात लावत नाही. मी बसलेय."

ती बाई दाराकडे वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

पोर दोन-सव्वादोन वर्षांचं होतं. ते रडलं नाही. ज्या खिडकीतून आपण आलो तिच्याकडेच ते टक लावून बघत राहिलं. आपण आलो तिथूनच आई येणार, असा त्याचा साधा हिशेब असावा.

गाडी गच्च भरली. कंडक्टर सत्तार नवा होता, नियमाला पक्का. बाकांवर मावतील तेवढे बसलेले आणि वर पाच उभे, सहावा माणूस घ्यायचा नाही असा हुकूम होता, आणि तो हुकूम सत्तार अक्षरशः पाळायचा. पाचवा म्हणून तोतारामआबा चढले. सत्तरीचे, पागोटं घातलेले, काठी टेकत चालणारे. त्यांच्यामागे सत्तारनं दार ओढलं. बाहेर राहिलेल्यांनी नेहमीप्रमाणे पत्र्यावर थापा मारल्या, आरडाओरडा केला. कोणीतरी बाई किंचाळत होती. वच्छलाबाईंनी ते ऐकलं, पण स्टँडवर कोण किंचाळत नाही? सत्तारनं दोरी ओढली, घंटी वाजली आणि गाडी हलली.

गाडी हलली तशी माणसं आत सरकली आणि तोतारामआबा वच्छलाबाईंच्या बाकाशी येऊन उभे राहिले. समोरच्या बाकावर लोटन म्हणून केळीचा एक आडत्या बसला होता. मोठ्या आवाजाचा, स्वतः पाय फाकून दीड माणसाची जागा घेतलेला. दुसऱ्याच्या जागेतून दानधर्म करायला अशी माणसं नेहमी पुढे असतात.

"बाई, त्या पोऱ्याले मांडीवर ल्या ना. म्हातारा मानूस उभा शे, तुम्हले दिखस नही का?"

"दिसतंय. तुम्हालाही दिसतंय ना? मग तुम्ही उठा," वच्छलाबाई म्हणाल्या.

दोघं-तिघं हसले. लोटनचं तोंड लाल झालं. "मी तिकीट काढेल शे. त्या पोऱ्यानं तिकीट कोठे शे?"

"ही जागा पोराची नाही. त्याच्या आईची आहे. ती मागं आहे, येतेय."

हे म्हणताना वच्छलाबाईंना वाटलं की ती मागं असणारच. चढली असणारच. दुसरं कुठं जाईल?

तोतारामआबा म्हणाले, "राहू दे भाऊ. मना पाय आजून धट शेतस." पण बोलता बोलताच गाडीला हिसका बसला आणि ते बाकाच्या दांड्यावर आदळले. चार बायाबापड्यांनी चुकचुक केली. ती चुकचुक गाडीच्या हिसक्यासाठी नव्हती, वच्छलाबाईंसाठी होती. मागून कोणीतरी म्हणालं, "शहरातल्या बाया! लेकराला गादी पाहिजे आणि म्हाताऱ्याला दांडा."

वच्छलाबाईंचे कान तापले. त्यांनी पोराच्या पोटाभोवती हात घातला आणि जागा आणखी घट्ट धरली. खरं सांगायचं तर तोतारामआबांकडे त्यांना बघवत नव्हतं. पण दिलेला शब्द आणि लोटनचं तोंड, या दोन्हींपुढे त्यांची माया हरली.

पिंप्राळ्याशी उभ्यांपैकी एक माणूस उतरायचा होता म्हणून गाडी थांबली. सत्तार तिकिटं फाडत तिथवर आला होता. त्यानं आधी पोराकडे बघितलं, मग वच्छलाबाईंकडे.

"बाई, तीन वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, आणि ज्याला तिकीट नाही त्याला जागा नाही. पोर मांडीवर घ्या. आबांना बसू द्या."

"याची आई मागं आहे. ती तिकीट काढेल. तिची जागा आहे ही."

सत्तारनं मागं नजर टाकली. माणसांच्या खांद्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. तो जरा खाली वाकला आणि आवाज हळू करून म्हणाला, "नक्की चढलीय ना? हे बघा, नसेल चढली तर आत्ताच सांगा. हे पिंप्राळं आहे, स्टँड चालत जायच्या अंतरावर. पुढं गेलो की माझ्या हातात काही नाही. तुम्ही पाहिलीत तिला चढताना?"

गाडीतले सगळे ऐकत होते. लोटन मिशीतल्या मिशीत हसत वाट बघत होता. "पाहिली नाही" म्हटलं की जागा गेली, आणि जागा गेली की हा आडत्या धुळ्यापर्यंत दात दाखवणार.

"पाहिली," वच्छलाबाई म्हणाल्या. "या डोळ्यांनी पाहिली. हिरवं लुगडं आहे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. लुगडं हिरवं होतं हे खरं, म्हणून बाकीचंही खऱ्यासारखं वाटलं. सत्तारनं मान हलवली, घंटी दिली आणि पिंप्राळं मागं पडलं.

खोट्याचं एक असतं. बोलताना ते हलकं लागतं, मग त्याचं वजन वाढत जातं. पहिला मैल वच्छलाबाई ताठ बसून होत्या. दुसऱ्या मैलाला त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. टोप्या, पागोटी, एक निळं लुगडं. तिसऱ्या मैलाला त्यांनी हाक मारली, "अगं ए बाई! इकडं ये पुढं, तुझं पोर इथं आहे!" गाडीच्या खडखडाटात कोणी उत्तर दिलं की नाही ते कळलं नाही. पोर अजून खिडकीकडेच बघत होतं. बाहेर केळीच्या बागा पळत होत्या आणि आई येत नव्हती. त्याचा खालचा ओठ पुढे आला.

गिरणेवरचा पूल ओलांडला आणि पोर रडायला लागलं. मोठ्यानं नाही, हुंदके देत, आजारातून उठलेलं मूल रडतं तसं. वच्छलाबाईंनी त्याला थोपटलं. आता तोंड उघडायचं कसं, हेच त्यांना सुचेना.

तोतारामआबा दांडा धरून खाली वाकले. "काय नाव शे तुनं, दादा?"

पोरानं हुंदका गिळला. "उखल्दू."

"उखर्डू?"

पोरानं मान हलवली.

खानदेशात हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही. आधीची पोरं जगली नाहीत की नव्या पोराला क्षणभर उकिरड्यावर ठेवतात आणि तिथून उचलून आणतात, म्हणजे हे टाकलेलं आहे, कोणाच्या जिवाचं नाही, असं समजून मृत्यू त्याच्याकडे बघत नाही. उखर्डू म्हणजे ज्याच्यामागे एक-दोन, कधी तीन-चार लहानगे मातीत गेलेत असं पोर. गाडीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. लोटनलाही माहीत होतं. त्यानं फाकलेले पाय जवळ घेतले.

तोतारामआबांनी मान वर केली. "उखर्डूनी माय मझार शे का? मांगे इचारा रे."

प्रश्न मागं गेला. या खांद्यावरून त्या खांद्यावर, तोंडातून तोंडात. "उखर्डूनी माय कोन शे?" "उखर्डूची आई?" वच्छलाबाई तो आवाज लांब जाताना ऐकत होत्या. शेवटच्या बाकापर्यंत तो पोचला आणि तिथं थांबला. मग उत्तर परत यायला लागलं, प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगत होता. "नाही." "नही." "इथं नाही."

शेवटी तोतारामआबांनी ते वच्छलाबाईंना सांगितलं. "बाई, ती मझार नही शे."

सत्तारनं जोरजोरात घंटी ओढली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. तो माणसं बाजूला सारत पुढे आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"एक बाई होती दारापाशी," तो म्हणाला. "हिरव्या लुगड्यातली. 'मना आंडोर मझार शे, मना आंडोर मझार शे' म्हणत होती. मी म्हटलं, रोज दहा जण हेच सांगतात, आमचं माणूस आत आहे म्हणून. दार लावून घेतलं." तो तोतारामआबांकडे वळला. "पाच उभे झाले होते. आबा पाचवे. आबा बसले असते तर उभे चारच राहिले असते. पाचवी ती चढली असती."

जागा धरली म्हणून गाडी भरली, आणि गाडी भरली म्हणून जिच्यासाठी धरली ती खाली राहिली. आपण आणि तो धोतराचं पान पसरून बसलेला गृहस्थ यात काय फरक, असं वच्छलाबाईंच्या मनात आलं. फरक होता. त्याच्या खोटेपणानं एका बाईचे हात दुखले होते. इथं एका आईच्या हातचं पोरच गेलं होतं.

"पण तुम्ही तर म्हणालात पाहिली," सत्तार म्हणाला. "पिंप्राळ्याला विचारलं मी तुम्हाला. या डोळ्यांनी पाहिली म्हणालात."

"खोटं बोलले," वच्छलाबाई म्हणाल्या. "नव्हती पाहिली."

सगळेच एकदम बोलायला लागले. गाडी परत फिरवा. गाडी फिरवता येत नाही, सरकारी गाडी आहे. पोर पुढं एरंडोलच्या पोलीस चौकीत द्या. वच्छलाबाई पोराला उचलून उभ्या राहिल्या. "मला इथं उतरवा. मी घेऊन जाते याला."

"तुमच्या हाती कसं द्यायचं?" लोटन उसळला. "एकदाव खोटं बोलन्यात. पोऱ्या लिसन कोठे गयात तं?"

या वेळी कोणी हसलं नाही. बायाही वच्छलाबाईंकडे संशयानं बघत होत्या. पोरानं त्यांच्या पदराचा गोळा मुठीत धरला होता. त्याला दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं.

तोतारामआबा म्हणाले, "द्या तिले. चौकीत हाई पोर कोना तोंडाकडे देखी? चूक जिनी करी ती जास्त जपी." मग ते वच्छलाबाईंना म्हणाले, "पन बाई, मोटारमा बसीसन जळगावले जाऊ नका. चुकामूक व्हई. माय एक जागावर बसस का कधी? ती रस्ताना रस्ता पळत येई. रस्ता सोडू नका."

सत्तारनं वच्छलाबाईंचं नाव, पेठ, नवऱ्याचं नाव कागदावर लिहून घेतलं. खाली उतरून त्यानं समोरून येणारी जळगावची मोटार हात करून थांबवली आणि तिच्या कंडक्टरला सांगितलं, स्टँडवर बाई रडत असेल, तिला सांग पोर गिरणेच्या पलीकडं, धुळ्याच्या रस्त्यावर आहे. मग दोन्ही गाड्या दोन दिशांना गेल्या. पापडांचा डबा वर फळीवरच राहिला, आणि वच्छलाबाईंना त्याची आठवणही झाली नाही.

ऊन डोक्यावर होतं. रस्ता धुळीचा, दोन्ही बाजूंना कापसाची वाळलेली रानं. वच्छलाबाईंनी पदर पोराच्या डोक्यावर ओढला आणि जळगावच्या दिशेनं चालायला लागल्या. दोन वर्षांचं पोर, पण फर्लांगभरात ते दगडासारखं जड झालं. मधूनमधून ते "माय" म्हणे. त्या म्हणत, "येते हं, येते." आणि म्हणताना त्यांची जीभ अडखळे, कारण हेच त्यांनी गाडीतही म्हटलं होतं.

एक ट्रक आला. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं शिवी हासडून ट्रक बाजूनं काढला. त्यात कोणी बाई नव्हती. मग दोन बैलगाड्या आल्या. "हिरव्या लुगड्यातली बाई दिसली का हो?" नाही दिसली. मग जळगावहून धुळ्याची दुसरी मोटार आली. वच्छलाबाईंनी ओरडून ती थांबवली आणि खिडक्या खिडक्यांतून आत बघितलं. एकाही खिडकीत ते गोंदण नव्हतं.

"स्टँडवर होती ती," आतला कंडक्टर म्हणाला. "लोक म्हणाले तुमच्या गाडीमागं पळत सुटली. वाटेत? आम्ही नाही पाहिली. रस्त्यानं शंभर माणसं चालतात, बाई."

मोटार गेली. रस्त्यावर नाही, स्टँडवर नाही, मोटारीत नाही. रडत रडत कुठं आडवाटेला लागली असेल? विहिरीशी? आधीची पोरं मातीत घातलेली बाई काय करील सांगता येतं का? त्यांनी पोराला छातीशी धरलं आणि देवाला नवस बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलावं ते सुचेना. खोटं बोलणाऱ्या तोंडाचा नवस देव धरतो की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. त्या रडत चालत राहिल्या, आणि त्यांना रडताना बघून पोर रडायचं थांबलं.

पूल दिसायला लागला तेव्हा पलीकडून कोणीतरी येताना दिसलं. आधी नुसता ठिपका, मग हिरवा रंग. ती पळत नव्हती. पळण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. गाठोडं नव्हतं, पायात काही नव्हतं, पदर सुटून धुळीत ओढत होता. वच्छलाबाईंनी पोराला वर उचलून धरलं. पोरानंच हाक मारली.

ती बाई जागच्या जागी थांबली. मग आली, पोराला वच्छलाबाईंच्या हातातून घेतलं आणि त्याचे हात, पाय, डोकं, पोट, सगळं एकदा चाचपून पाहिलं. त्याला छातीशी धरून ती रस्त्यातच खाली बसली. नंतर तशीच पुढे सरकली आणि तिनं वच्छलाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तू देव शेस, अक्का. तू मना जीव राखा."

तिचं कपाळ तापलेलं होतं, तिच्या आसवांनी पाय ओले होत होते. वच्छलाबाईंना ते सोसवेना. आजवर बळीराम पेठेत त्यांनी कितीतरी जणींचे नमस्कार ऐटीत घेतले होते. हा एक घेता येईना. त्यांनी पाय मागं घेतले.

"अगं, पाया पडू नकोस माझ्या. माझ्यामुळंच झालं हे," त्या म्हणाल्या आणि मग थांबताच येईना, सगळं भडाभडा बाहेर आलं. कंडक्टरनं पिंप्राळ्याला विचारलं होतं. गाडी तिथंच थांबली असती. मी तुला चढताना पाहिलंच नव्हतं आणि पाहिलं म्हणून सांगितलं. एका आडत्यापुढे नाक खाली होऊ नये म्हणून सांगितलं. मी देव नाही, बाई, मी खोटारडी आहे. सांगून झालं तशी त्यांची छाती मोकळी झाली. आता हिनं शिव्या द्याव्यात, थोबाडात मारावी, आपण ती मुकाट खावी, अशी त्यांची तयारी होती.

ती बाई ऐकत होती. पायांवरचा तिचा हात हळूच मागं गेला. तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच वच्छलाबाईंना समजेना.

"हाई मले कसाले सांगं, अक्का?" ती म्हणाली. "बठ्ठा रस्ता मी एकच म्हनत उनू. आंडोर त्या अक्काजोडे शे, काय बी व्हवाव नही. तेवढावर मना पाय चालनात." तिनं पदरानं पोराचं तोंड पुसलं. "तू सांगती नही तं मी पाया पडीसन निंघी जाती. आते मी कोना पाया पडू?"

आपलं मन हलकं करताना हिचा आधारच आपण काढून घेतला, हे वच्छलाबाईंना तेव्हा कळलं.